डबा सापडल्यास घंटा वाजवावी

जळगावात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा नव्हता, गावाचा नव्हता, लग्न कधी करणार हाही नव्हता. ते म्हणाले, "पोरी, तुले शोधता येतं का?"

"काय शोधायचं?"

"काय ते मागून पाहू. येतं का नाही ते सांग."

मी धुळ्याची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नुकतीच लागले होते आणि मावशीच्या नणंदेकडे राहून दोघींनाही एकमेकींचा कंटाळा आला होता. अशा वेळी माणूस घोड्यावरसुद्धा बसता येतं म्हणून सांगतो. मी म्हटलं, "हो, येतं की." त्यांनी लगेच किल्ली काढून दिली. भाडं किती ते सांगायचंही विसरले. ते मागून अक्कांनी सांगितलं.

अक्का म्हणजे त्यांची बायको. त्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची, म्हणून मीही आबाच म्हणू लागले. आबा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. अंगानं वाळक्या भेंडीसारखे, डोक्यावर केस नावाला, आणि दर तासाला चहा. घरचा वेगळा, टपरीवरचा वेगळा. घरचा चहा तब्येतीसाठी आणि टपरीचा विचारासाठी, असा त्यांचा हिशेब होता.

अंगणातल्या निंबाला हातभर लांबीचा रेल्वेच्या रुळाचा तुकडा तारेनं टांगलेला होता. शेजारी दोरीला एक जाडजूड बोल्ट. खाली पत्र्याच्या पाटीवर सुबक अक्षरात लिहिलेलं: 'डबा सापडल्यास घंटा वाजवावी.' मला आधी वाटलं, कुणाचा जेवणाचा डबा हरवला असेल. पण डबा हरवलेला नव्हता. आबांनी तो लपवला होता. एकच नाही, असे कितीतरी.

आबांचा छंद असा की घरातला पत्र्याचा डबा घ्यायचा, त्यात काहीतरी ठेवायचं, म्हणजे चिक्की, भोवरा, आरसा, बांगड्या, एकदा तर चक्क नवाकोरा बनियन, आणि तो गावाबाहेर कुठेतरी लपवून यायचा. मग संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला खुणा सांगायच्या. ज्याला डबा सापडेल त्यानं आतली वस्तू घ्यावी, आपली एखादी वस्तू ठेवावी आणि घरी येऊन घंटा वाजवावी. पुढं कधीतरी परदेशात लोक यंत्र हातात घेऊन असले डबे हुडकत फिरतात असं ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. आमच्याकडे ते ऐंशीच्या दशकात चालू होतं, फक्त शोधणारं कुणी नव्हतं.

शोधणार तरी कसं? जन्मभर साखळी घेऊन जमिनी मोजलेल्या या माणसाला निवृत्तीनंतर आकड्यांचा असा काही तिटकारा आला होता की खुणेत एकही आकडा येऊ द्यायचे नाहीत. इतकी पावलं डावीकडे, तितकी उजवीकडे, हे त्यांना भिकारपणाचं लक्षण वाटे. "आकड्यानं काय, गाढवालेबी सापडतं," असं ते म्हणत. दगड, खांब, मैलाचे दगड यांचीही खूण त्यांना चालायची नाही. "मेलेली खूण काय कामाची? खूण जित्ती पाहिजे." त्यामुळे आबांची खूण अशी असायची: 'जिथं शेळ्या बसतात पण बोकड बसत नाही, त्याच्या मावळतीला.'

सुरुवातीच्या उत्साहात या खुणेवर मी मेहरूणच्या तलावाकडे गेले होते. रविवारची अर्धी सकाळ शेळ्या कधी बसतात हे बघण्यात घालवली. शेवटी शेळीवाल्या बाईला संशय आला. "घ्यायची आहे का, ताई? ही गाभण आहे," ती म्हणाली. मी मान हलवून परत आले. आबा दारातच उभे होते. घंटेकडे एकदा बघून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नाही सापडला," मी म्हणाले.

"बोकड होता का?"

"होता. तोपण बसला होता."

"मंग ती जागा नाही," ते म्हणाले आणि खिन्न होऊन चहा प्यायला निघून गेले.

मला रागच आला होता. पण त्याच संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या ते आपणहून बोलले. "सारी नोकरी मी लोकाईच्या हद्दी शोधून देल्या, पोरी. भावाभावाच्या. ज्याच्या बाजूनं खुंटी सरकली तोबी नाराज, ज्याच्या नाही सरकली तोबी नाराज. मी काही शोधून देलं आन् माणूस हासला, असं एकदाबी झालं नाही. म्हणून म्हटलं, आता आपण लपवू. कोणाले तरी सापडंल, तो धावत येईल, घंटा वाजवंल. एकदा वाजली की बस."

मग माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यानंतर गल्लीत कुणाच्या हातून पातेलं पडलं तरी आबा ताडकन उठून अंगणात यायचे ते मला बघवायचं नाही. गॅरेजवाल्याचा हातोडा, आईसफ्रूटवाल्याची टिंगटिंग, शाळा सुटल्याचा टोल, सगळ्याला ते उठायचे. दर दिवाळीला त्या रुळाला तेल लावायचे. वाजली नसली तरी गंजायला नको, एवढीच त्यांची काळजी.

"तुम्हीच वाजवून बघा ना एकदा, वाजते तरी का," असं आमच्या शेजारच्या खोलीतले कॅशियर एकदा म्हणाले. ते एका बँकेत होते आणि पांढऱ्या शर्टाला डाग पडू नये म्हणून चहासुद्धा पुढे वाकून प्यायचे. आबांनी त्यांच्याशी आठ दिवस बोलणं सोडलं.

दुसरा कडक नियम म्हणजे लपवणाऱ्यानं मागे वळून बघायचं नाही. डबा ठेवला की आबा त्या जागी पुन्हा पाऊल टाकत नसत. बी पेरलेलं उकरून बघत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्यात पोळून निघायच्या त्या अक्का. डबे त्यांचे होते. नरडाण्याकडचं माहेर, आवाज खणखणीत, आणि बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच, अहिराणी. सकाळी भाजी फोडणीला टाकली की घरातून हाळी यायची, "ओ, मन्हा तिखटना डबा कोठे शे?"

आबा ओट्यावरून, जराही न लाजता, "जिथं सुगरणीनं खोपा अर्धा सोडला, त्याच्या बुडाले."

"आनि तिखट?"

"तिखट वाटीत काढून ठेवलं आहे. मी काय अडाणी आहे का?"

कोपऱ्यावर चाचांचं दुकान होतं. पत्र्याच्या पेट्या, डबे, कोठ्या ते स्वतः बनवायचे. आबांच्या छंदाला गल्लीत एकमेव पाठिंबा चाचांचा होता, आणि त्याचं कारण उघड होतं. "छुपाओ, आबा, और छुपाओ. गरिबाच्या पोटाले लागू द्या," ते म्हणायचे. पण एकदा मला त्यांनी हळूच विचारलं, "बेटी, एक बात समजत नाही. आबा इतके डब्बे घेऊन जातात. अक्कानं माझ्याकडून एक नवा डब्बा घेतला नाही. मंग फळीवर डब्बे कुठून येतात?"

मीही बघितलं. खरंच, अक्कांची फळी भरलेली असायची. तिखटाचा डबा गेला की चार-आठ दिवसांनी तिखटाच्या जागी डबा असायचाच. आबांना वाटायचं चाचांनी नवा दिला. चाचांना वाटायचं अक्का भुसावळहून आणतात, आणि त्यांना त्याचं वाईट वाटायचं. मी अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तू चपाती खा."

घंटा काही वाजेना. मग एका हिवाळ्यात आबांनी घोषणा केली की सगळ्या गल्लीनं मिळून यावलकडे त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मळ्यात भरीत पार्टीला जायचं आणि मुक्काम करायचा. आमच्याकडे हिवाळ्यात भरीत पार्टीला नाही म्हणणारा माणूस जन्माला यायचा आहे. शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यात बामणोदची हिरवी वांगी भाजायची, मिरची-लसणीसोबत ठेचायची, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर पोटाला तडस लागेपर्यंत खायची. सगळे हरखले. फक्त अक्का म्हणाल्या, "यास्ले सामान बांधू नका देऊ."

कुणी ऐकलं नाही. सामानाची जबाबदारी आबांनी आनंदानं अंगावर घेतली.

चाचांच्या ओळखीचा टेम्पो ठरला. त्यात वांग्यांची दोन पोती, गोधड्या, पाण्याचा पिंप, आम्ही सगळे आणि आबांच्या मांडीवर तो रुळाचा तुकडा. आबांनी तो निंबावरून सोडवून बरोबर घेतला होता. कॅशियरांनी विचारलं, "हा कशाला?" आबा नुसतेच हसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मळ्यात पोचलो. घंटा विहिरीजवळच्या निंबाला टांगली गेली. पऱ्हाट्यांचा जाळ झाला, चाचांच्या बिडीच्या काडेपेटीनं. वांगी भाजली, सोलली, आणि अक्कांनी मीठ-मिरची, तेल, पीठ मागितलं. आबा उठून उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "ते लपवलं आहे."

क्षणभर कुणाला अर्थच लागला नाही.

"आठ दिवसांपूर्वीच येऊन लपवलं. पीठ, तेल, मीठ, मिरच्या, सारं एका मोठ्या डब्यात. आता शोधा. भूक लागली का माणूस बराबर शोधतो." त्यांच्या डोळ्यांत अशी चमक होती की मला त्यांना मारावंसंही वाटलं आणि मिठी मारावीशीही वाटली. आज घंटा वाजणारच, असा तो बेत होता. उपाशी माणसं तरी नक्की शोधतील, इथवर त्या बिचाऱ्याची मजल गेली होती.

"खूण ऐका. केळीच्या बागेत, ज्या झाडाचा घड उत्तरेले लवला आहे आन् टेकूले न ऐकता वाकला आहे, त्याच्या सावलीत."

आम्ही सगळे वळून केळीच्या बागेकडे बघू लागलो. बाग नव्हती.

घड कापून ट्रक भरून गेले होते आणि मागाहून बागही तोडून झाली होती. एवढ्या मोठ्या वावरात केळीची खोडं आडवीतिडवी पडलेली, वर सपाट आभाळ. शेतकरी म्हणाला, "आबा, घड लवला म्हणजे कापाले आला. तुम्हाले माहीत नाही का?"

जळगाव जिल्ह्यात जन्म काढलेल्या माणसानं कापणीला आलेल्या केळीची खूण धरावी! शेंबड्या पोरानंही ही चूक केली नसती. पण खूण जित्ती पाहिजे ना. आबा त्या उघड्या वावराकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की जागा नाही, फक्त खूण ध्यानात ठेवल्यामुळे आता डबा त्यांना स्वतःलाही सापडणार नाही.

पुढचा तासभर आम्ही जे केलं ते बघून शेतकऱ्याची बैलं चरायची थांबली. सगळी गल्ली खोडं उचलून उचलून खाली बघत होती. चाचा प्रत्येक खोडावर कान लावून टिचकी मारत होते, पत्र्याचा आवाज ओळखायचा म्हणून. कॅशियरांच्या पांढऱ्या शर्टाला केळीचा चीक लागला. तो डाग जन्मात जात नाही हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्यांच्या किंकाळीचा अर्थ कळेल. "घरमालक आहात म्हणून, नाहीतर..." एवढंच ते म्हणाले आणि बिनमिठाचं वांगं खाऊन रडकुंडीला आले. आबा मात्र निंबाखाली घंटेशेजारी मान खाली घालून बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोक त्यांचा डबा खरोखर शोधत होते, आणि खूणच मेली होती.

अक्का एवढा वेळ चुलीपाशी बसून होत्या. एकही खोड त्यांनी उचललं नव्हतं. शेवटी पदर खोचून उठल्या आणि शेतकऱ्याला विचारलं, "भाऊ, त्या दिन यास्नी चहा कोठे पिधा?"

"इथंच की, विहिरीच्या ओट्यावर. दोनदा घेतला."

अक्का विहिरीच्या ओट्यावर जाऊन बसल्या, आबा बसतात तशा, भिंतीला पाठ लावून. इकडे बघितलं, ओलं होतं, पीठ भिजलं असतं. तिकडे बघितलं, ऊन होतं, टक्कल तापलं असतं. मग सरळ चालत पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे गेल्या, गवताचा भारा बाजूला केला आणि मोठा डबा ओढत बाहेर आणला.

केळीच्या बागेचा त्या जागेशी काही संबंधच नव्हता. एखाद्या झाडाची सावली कधी तिथवर येत असली, तरी ती आबा सोडून कुणाला दिसली नसती.

आबा धावत आले. "तुले... तुले कसा सापडला? खूण कशी लागली?"

"माले खुणा काय करन्यात?" अक्का म्हणाल्या. "माले तुम्ही ठाऊक शेतस. चहा पिधा ना, का पंधरा पावलंबी पुढे जातस नही तुम्ही. मेहरूणवर तेच, खोपाजवळ तेच. टपरी देखो, सावली देखो, डबा उचला."

तेव्हा फळीवरच्या डब्यांचं कोडं चाचांना आणि मला एकदमच सुटलं. आबांनी लपवलेला प्रत्येक डबा अक्का जाऊन घेऊन येत होत्या. बाजाराची पिशवी घेऊन निघायचं, कुठली टपरी ते बघायचं, आणि येताना तिखटाचा डबा. चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, "या अल्ला, आमचं दुकान तर घरातूनच बुडालं!"

आबांनी हे ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी बोल्ट उचलून अक्कांच्या हातात दिला. "वाजव," ते म्हणाले.

अक्कांनी तोवर पीठ परातीत काढलं होतं; त्यांनी बोल्ट खाली ठेवला. "हात पीठना शेतस. आधी भाकरी."

भाकरी झाली, भरीत झालं, कॅशियरसुद्धा डाग विसरून जेवले. पण घंटा अक्कांनी काही वाजवली नाही. दुसऱ्या दिवशी ती न वाजताच टेम्पोतून परत आली आणि पुन्हा निंबाला लागली. मला अक्कांचा संताप आला होता. एवढंसं करायला काय जात होतं? घरी आल्यावर मी तसं तोंडावर बोललेही.

अक्कांनी आत बोलावून दार लोटलं. "अंडेर," लेकीला म्हणतात तो शब्द वापरून त्या म्हणाल्या, "एकदाव वाजली का बस, आसं कोन म्हनस? तेच ना. मी वाजाडती ते दुसरा दिनपाईन ते घरमाच बसतात. दिनभर, मन्हा पायमा." मग जरा थांबून म्हणाल्या, "आनि घरमा बसनात का मानूस लवकर म्हातारा व्हस."

आबांनीही हार मानली नाही. उलट त्यांना नवा हुरूप आला. आता टपरीजवळ डबा ठेवायचा नाही असं ठरवून ते निघायचे, ठेवायला टपरी नसलेली जागा शोधायचे, दमायचे, चहाची तलफ यायची, आणि डबा पुन्हा टपरीजवळच. अक्का पिशवी घेऊन निघायच्या. अशी त्यांची जोडी सगळ्या जळगावभर फिरत असे, एकमेकांपासून चार दिवसांच्या अंतरानं.

पुढे माझी बदली धुळ्याला झाली, लग्न झालं, एक्स्चेंजमधली यंत्रंही बदलली. सात-आठ वर्षांनी कामासाठी जळगावला आले तेव्हा पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. कोपऱ्यावर पोचले आणि थबकलेच. घंटा वाजत होती.

तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, तरी ओळखला. मी अक्षरशः धावले. चाचा दुकानात डब्याला झाळ देत होते, मान वर न करता म्हणाले, "आज की दुसरी."

अक्कांनी दार उघडलं. केस पांढरेशुभ्र झालेले, आवाज तोच. घंटा आता निंबावर नव्हती, ओसरीतच तुळईला टांगलेली. तिच्याखाली आबा काठी टेकून उभे होते आणि हातात बोल्ट. माझ्याकडे त्यांनी निरखून बघितलं. मला वाटलं, आता नाव घेतील.

"पोरी," ते म्हणाले, "तुले शोधता येतं का?"

मी "येतं" म्हणाले. अक्कांनी मला आत नेलं.

"दोन साल व्हयनात. कोन्हीच वळखू येत नही आते. मालेबी कधी कधी माय म्हनतस." अक्का कणीक मळत सांगत होत्या. "पन शोधाले चुकत नहीत. म्हनून मीच लपाडस."

"रोज नव्या जागी?"

"छे! एकच डबा शे. एकच जागावर ठेवस, चहाना डबाना मांगे. रोज नवा सापडस त्यास्ले."

"आणि घंटा वाजवू देता?"

"आते घरमाच शेतस ना," अक्का म्हणाल्या. "आते वाजू दे."

ओसरीत काठीचा आवाज झाला. आबा स्वयंपाकघरात आले, सरळ फळीपाशी गेले, चहाचा डबा बाजूला केला आणि मागचा छोटा डबा हातात घेऊन पोरासारखे ओरडले, "सापडला!" तिखटाचा तोच जुना डबा होता. ते ओसरीत गेले. घंटा वाजली. आबा हसत होते, सगळे दात गेलेलं तोंड उघडून, घंटा वाजवत होते आणि हसत होते.

परत आले ते मला दाखवायला. "पाह्य पोरी. कोणाच्या बापाले सापडला नसता. जो कोणी लपवतो ना, मोठा कसबी माणूस आहे. त्याले एकदा भेटाचं आहे मले."

मी फळीकडे तोंड फिरवलं.

"भेटीन कधी तरी," अक्का म्हणाल्या. त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले, आबांच्या हातातून डबा हळूच काढून घेतला, तो चहाच्या डब्यामागे ठेवला आणि चुलीवर आधण ठेवलं.